कामाच्या वेळेत मन ठिकाणावर कसं ठेवता?

मेधा_इंदिरानगर

नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या एका ऑफिसात कर्जप्रकरणं तपासायचं काम करते. काम मनापासून आवडतं, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण दुपारनंतरची आहे. एक फाइल उघडावी तर शाखेतून फोन. तो ठेवते तोवर व्हॉट्सॅपवर 'मॅडम अर्जंट'. ते बघते तोवर मेल येऊन पडलेली. चारच्या सुमारास पगारपत्रकावरचा एकच आकडा परत परत वाचत असते आणि तो डोक्यात शिरत नाही. छातीत एक घाई बसलेली असते, ती घरी आल्यावरही उतरत नाही. मुलगी शाळेतलं काहीतरी रंगवून सांगत असते आणि मी नुसतं 'हं हं' करते. हे मला फार बोचतं.

माइंडफुलनेसबद्दल, म्हणजे आत्ता जे चाललंय त्यावर लक्ष ठेवण्याबद्दल, सगळे सांगतात की सकाळी उठून अर्धा तास बसा. मला विचारायचंय ते वेगळं आहे. प्रत्यक्ष कामाच्या तासांत, खुर्चीत बसल्या बसल्या, फोन वाजत असताना तुम्ही काय करता? ॲपची नावं नकोत. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कधी, कसं, किती वेळ ते लिहा. उपयोग झाला नसेल तर तेही लिहा.

पाथर्डीफाटा

वाचतोय. आमच्या मजल्यावर कोणी डोळे मिटून बसलं की शिपाई साखर-पाणी घेऊन धावतो, त्यामुळे उघड्या डोळ्यांनी करता येईल असं काही असेल तर जरूर लिहा :)

धम्मसेवक

मेधाताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यना ध्यानाची शिबिरं चालू आहेत. सत्यनारायण गोयंकाजींच्या पद्धतीत दहा दिवसांतले पहिले तीन दिवस फक्त आनापान असतं. नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर जो लहानसा भाग आहे, तिथे लक्ष ठेवायचं. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, एवढंच जाणायचं. मुद्दाम दीर्घ घ्यायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा नाही, सोबत कुठलं नाव घ्यायचं नाही. जसा असेल तसा.

मन पळणारच. बऱ्याच जणांना वाटतं की पळालं म्हणजे बैठक वाया गेली. पण पळालंय हे ज्या क्षणी कळतं तोच तर सरावाचा क्षण आहे. चिडायचं नाही, परत आणायचं. दिवसभर बसून माणूस हेच शिकतो.

ऑफिसात मी एक फाइल बंद करून दुसरी उघडण्याआधी चार-पाच श्वास बघतो. डोळे उघडेच असतात, शेजारच्यालाही कळत नाही. पण एक आग्रहानं सांगतो, सकाळची बैठक सोडू नका. ती झाली नाही तर दुपारी श्वास बघायचाय हे आठवतच नाही.

केदार_सातपूर

मी थोडी विरुद्ध बाजू मांडतो. धम्मसेवकांच्या साधनेबद्दल आदरच आहे, माझा रोख कंपन्यांकडे आहे.

हल्ली कंपन्यांत जे माइंडफुलनेस नावानं येतं त्याचं मूळ जॉन कबात-झिन यांच्या कार्यक्रमात आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात त्यांनी तो १९७९ मध्ये सुरू केला. तिथे येणारे लोक दीर्घकाळच्या दुखण्यांचे रुग्ण होते. आठ आठवडे, दर आठवड्याला एक मोठं सत्र, मध्ये एक पूर्ण दिवस आणि रोज घरी सराव, असा तो भरगच्च कार्यक्रम. आपल्याकडे त्यातला एक तास उचलतात, पडद्यावर कमळाचं चित्र दाखवतात आणि सोमवारी टार्गेट वाढवून देतात. मी ज्या ठिकाणी होतो तिथे अगदी हेच झालं. माणसं कमी केली आणि उरलेल्यांना श्वास घ्यायला शिकवलं.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता, ३,५१५ लोकांचा. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने थोडा ते मध्यम फायदा दिसला. लक्ष सुधारतं याचा मात्र पुरावा त्यांना मिळाला नाही. व्यायाम किंवा औषधं यांच्यापेक्षा ध्यान सरस ठरतं असंही दिसलं नाही. म्हणजे मन शांत व्हायला मदत होईल, पण एका माणसावर दोघांचं काम टाकलं असेल तर ते श्वासानं हलकं होत नाही. मेधाताई, आधी मोजा की तुमच्या टेबलावर रोज किती फाइली येतात आणि दोन वर्षांपूर्वी किती यायच्या.

धम्मसेवक

केदार, कंपन्यांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण रोजचा ताण कमी होणं हेही लहान काम नाही. डोकं शांत असलं की हे काम जास्त आहे असं साहेबांना नीट शब्दांत सांगताही येतं. तापलेल्या डोक्यानं सांगितलं की नुसतं भांडण होतं.

रात्रपाळी

मी नर्स आहे, खासगी हॉस्पिटलमध्ये. आमच्याकडे बसायला वेळ नसतो, श्वास बघायला कुठून आणू असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग एका सीनियर सिस्टरनी एक गोष्ट दाखवली.

प्रत्येक पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर आम्हाला हात स्वच्छ करावे लागतात. हॅन्डरब असेल तर २० ते ३० सेकंद, साबण-पाण्यानं ४० ते ६०. जागतिक आरोग्य संघटनेचा नियमच आहे तो. हे सेकंद कोणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. आधी मी हात चोळता चोळता पुढच्या तीन कामांचा विचार करायचे. आता फक्त हात. तळवा, बोटांच्या मधली जागा, अंगठा, नखं. हात वाळेपर्यंत मागचा पेशंट मागे राहतो आणि पुढच्याचं नाव मनात येतं.

औषधांच्या राउंडला तर याची फारच गरज असते. बरोबर पेशंट, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. हे पाचही मी ओठ हलवून म्हणते. नातेवाईक मध्ये बोलायला आले की ट्रेवर हात ठेवून सांगते, 'काका, हे औषध देऊन होऊ दे, मग पूर्ण ऐकते.' आणि मग खरंच जाऊन ऐकते. नाही ऐकलं तर पुढच्या वेळी ते थांबत नाहीत.

मेधाताई, तुमच्या कामातही असे सक्तीचे सेकंद असतील. सिस्टिम लॉगिन होताना, प्रिंट निघताना. तिथे फोन हातात घेऊ नका.

मेधा_इंदिरानगर

रात्रपाळी, शेवटचं वाक्य थेट लागलं. आमची सिस्टिम उघडायला बराच वेळ घेते आणि तेवढ्यात मी व्हॉट्सॅप बघते. रोज.

निवृत्त_घाटवाला

नमस्कार. मी रेल्वेतून निवृत्त झालो, नोकरीचा बहुतेक काळ इगतपुरी-कसारा घाटात गाडी चालवण्यात गेला. इथल्या मंडळींना लक्ष म्हणजे गप्प बसून करायची गोष्ट वाटते आहे, म्हणून लिहितो.

या थळ घाटात चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. मुंबईकडून येणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लावतात, तेव्हा ती वर येते. उतरताना सगळं लक्ष ब्रेकवर. पावसाळ्यात धुकं इतकं की सिग्नल अगदी जवळ आल्यावर दिसतो. अशा ठिकाणी तासन् तास जागरूक राहायचं तर नुसत्या इच्छेवर भागत नाही. म्हणून आमच्याकडे पद्धत आहे. सिग्नल दिसला की सहायक हात दाखवून मोठ्यानं त्याचा रंग सांगतो, मग चालक तोच शब्द मोठ्यानं परत म्हणतो. केबिनमध्ये दोघंच असलो तरी म्हणायचं. रोजचा मार्ग, रोजचा सिग्नल असला तरी म्हणायचं. डोळ्यानं बघणं, हात उचलणं, तोंडानं उच्चारणं आणि कानानं ऐकणं एकदम होतं, तेव्हा मन दुसरीकडे जायला जागा राहत नाही.

शिवाय इंजिनात एक उपकरण असतं. चालकाची काही वेळ कसलीच हालचाल झाली नाही तर दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, त्यावरही काही केलं नाही तर ब्रेक आपोआप लागतो. रेल्वेनं हे गृहीत धरलं आहे की चांगल्यातल्या चांगल्या माणसाचंही लक्ष ढळतं. त्यात त्याचा अपमान नाही.

ताई, फाइल उघडताना हलक्या आवाजात म्हणून बघा, 'अर्जदार अमुक, पगारपत्रक, मार्च महिना.' आकड्यावर बोट ठेवा आणि म्हणा. लोक चार दिवस बघतील, नंतर सवय होईल.

केदार_सातपूर

काका, फार छान लिहिलंत. जपानच्या रेल्वेतही बोट दाखवून मोठ्यानं म्हणायची अशीच पद्धत आहे. १९९४ मध्ये तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेनं प्रयोग केला तेव्हा साध्या कामातल्या चुका जवळजवळ ८५ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. हे मला कमळाच्या चित्रापेक्षा कितीतरी जास्त पटतं.

अंबडचा_इन्स्पेक्टर

पोलीस नाही, क्वालिटी इन्स्पेक्टर :)

आमच्या लाइनवर सुटे भाग डोळ्यांनी तपासतात. ओरखडा, बर (कडेला राहिलेला धातूचा कंगोरा), रंगाचा ठिपका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं रडारवाल्यांच्या अडचणीवरून प्रयोग केले, १९४८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. घड्याळासारख्या काट्याची अधूनमधून पडणारी दुप्पट उडी ओळखायची, एवढंच काम. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांच्या नजरेतून उड्या निसटायला लागल्या. म्हणून एकसुरी तपासणी करणाऱ्याला ठरावीक वेळानं उठवून दुसरं काम द्यावं लागतं. आम्ही मुलांची जागा बदलायला लागलो तेव्हा परत येणारा माल कमी झाला आणि संध्याकाळची चिडचिडही.

मेधाताई, चार वाजता आकडा डोक्यात शिरत नाही, कारण तुम्ही सकाळपासून आकडेच बघताय. पगारपत्रकं सकाळी संपवा. फोन करणं, पत्रं पाठवणं दुपारी ठेवा.

निफाडचा_बागायतदार

आमचंही सांगतो. द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) थिनिंगला बायका बागेत येतात. घडातले जास्तीचे मणी कात्रीनं काढायचे, राहिलेल्या मण्याला टोक लागू द्यायचं नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हे काम, पण दिवस मावळताना त्या बायका माझ्यापेक्षा शांत असतात. मी बांधावर उभा राहून हवामान बघतो, मग भाव बघतो, परत हवामान बघतो. फेब्रुवारी-मार्चात ढग आले की हातातला फोन खाली ठेवता येत नाही. फोन बघून पाऊस थांबत नाही, हे कळतं, तरी बघतो.

एका बाबतीत मात्र फोन शेडच्या बाहेर ठेवायचाच नियम केलाय. फवारणीचं औषध कालवताना. मात्रा चुकली तर घडावर डाग पडतात आणि निर्यातीचा माल जातो. ती पंधरा-वीस मिनिटं दिवसातली सगळ्यात स्वस्थ असतात, हे हा धागा वाचताना लक्षात आलं.

कॉलेजरोडकर

सगळं ठीक, पण दुपारच्या जेवणाचं कोणीच काढलं नाही. साडेबाराला तर्रीवाली मिसळ, वर दोन एक्स्ट्रा पाव, नंतर ताक. चार वाजता कुठलं ध्यान लागणार, झोपच लागणार.

पाथर्डीफाटा

मिसळीला बोल लावू नका. नाशिकमध्ये मिसळ सकाळी खायची असते, चूक वेळेची आहे.

कॉलेजरोडकर

सकाळी खाल्ली तर दुपारी परत खावीशी वाटते, हा नाशिकचा खरा प्रश्न आहे.

सिन्नरवाली

पापडासोबत की पावासोबत?

व्यवस्थापक

मिसळीसाठी वेगळा धागा आहे, तिकडे मनसोक्त भांडा. इथे मूळ विषयावर या.

हिमाली_ज

मला धम्मसेवकांना विचारायचंय. श्वासाकडे लक्ष दिलं की माझी धडधड वाढते. श्वास पुरत नाही असं वाटायला लागतं. मागे ऑफिसात एका सत्रात डोळे मिटायला लावले तेव्हा उठून बाहेर यावं लागलं. सगळे शांत झाले आणि मीच घाबरले. माझ्यातच काही कमी आहे का?

सुमन_समुपदेशक

हिमाली, अजिबात नाही. ज्यांना पॅनिकचा त्रास होऊन गेलाय किंवा ज्यांच्यावर मोठा आघात झालाय, त्यांच्यापैकी काहींना श्वासावर लक्ष नेलं की त्रास वाढतो. त्यांनी तिथे जोर लावू नये. डोळे उघडे ठेवा. लक्ष शरीराच्या अशा भागावर न्या जिथे भीती नाही. तळपाय जमिनीला टेकलेत, टाच कुठे, बोटं कुठे. किंवा खोलीतले आवाज, पंख्याचा, बाहेरच्या रिक्षाचा. चालत चालत केलं तरी चालतं. सत्र घेणाऱ्यानं डोळे मिटायची सक्ती करायला नको होती.

धडधड वारंवार होत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, शारीरिक कारण नाही ना ते बघू द्या. आणि कधी फारच जड वाटलं तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा आहे, १४४१६ हा नंबर, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

धम्मसेवक

सुमनताईंशी पूर्ण सहमत. शिबिराच्या अर्जातही मानसिक आरोग्याबद्दल विचारतात, ते खरं खरं भरायचं असतं. हिमाली, तुम्ही घाई करू नका.

अनघा_टीमलीड

आता दुसऱ्या बाजूनं लिहिते, कारण मी ती 'अर्जंट' पाठवणारी आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ग्लोरिया मार्क बरीच वर्षं लोक स्क्रीनवर किती वेळ टिकतात ते मोजतायत. २००४ च्या सुमारास माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं असायचा, अलीकडच्या वर्षांत ते ४७ सेकंदांवर आलं. आणि सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याला लागलं तर मनाचा एक भाग पहिल्यातच अडकून राहतो. हे वाचून मी माझ्या टीमसाठी अर्जंटची व्याख्या ठरवली. ग्राहक समोर बसलाय किंवा आजची मुदत संपतेय, तर फोन. बाकी सगळं एका सामायिक शीटवर लिहायचं, ती शीट साडेबारा आणि साडेचारला बघितली जाईल. पहिले काही दिवस सगळे फोनच करत होते. नंतर कळलं की शीटवर लिहिलं तरी काम होतं, तेव्हा फोन आपोआप कमी झाले.

माणसं वचन पाळली गेल्याशिवाय थांबत नाहीत. साडेबाराला बघते म्हटलं तर साडेबाराला बघायचंच. रात्रपाळीताईंनी पेशंटच्या नातेवाईक काकांचं सांगितलं, तसंच हे.

केदार_सातपूर

अशा टीमलीड सगळ्यांना मिळोत. माझा मुद्दा हाच होता, तुम्ही तो जास्त चांगला मांडलात.

मेधा_इंदिरानगर

सगळ्यांचे आभार. थोडे आठवडे करून मग लिहायचं ठरवलं होतं.

घाटवाला काकांचं सगळ्यात जास्त लागू पडलं. आकड्यावर बोट, आणि हलक्या आवाजात तो आकडा. शेजारच्या टेबलावरची मुलगी आधी हसली, आता तीही करते. अंबडवाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणे पगारपत्रकं सकाळी घेते. सिस्टिम उघडेपर्यंत फोन ड्रॉवरमध्ये आणि तळपाय जमिनीवर. यात वेगळा वेळ जातच नाही.

सकाळच्या बैठकीचं जमलं नाही, धम्मसेवक. दोन डबे, शाळेची बस, सासूबाईंचं औषध, त्यात अर्धा तास निघत नाही आणि निघत नाही म्हणून अपराधी वाटून घ्यायचं नाही असं मी ठरवलंय.

शीटचं साहेबांना सांगायचं धाडस होत नव्हतं. अनघाताई, नक्की कोणत्या शब्दांत सांगू?

अनघा_टीमलीड

तक्रार म्हणून सांगू नका, प्रयोग म्हणून सांगा. असा मेल टाका: 'सर, अकरा ते साडेबारा या वेळेत शाखांचे फोन शीटवर घेऊन पाहावे असं सुचवते. ग्राहक समोर असेल तर फोन चालूच राहील. दोन आठवड्यांनी किती प्रकरणं निकाली निघाली आणि किती परत आली, ते आकडे दाखवते.' आकडे म्हटलं की साहेब ऐकतात.

धम्मसेवक

मेधाताई, अपराधी वाटून घ्यायचं नाही हे बरोबरच. डबे भरतानाही श्वास चालूच असतो, आठवेल तेव्हा बघा. मी सुरुवातीला जरा जास्तच आग्रह धरला.

हिमाली_ज

डॉक्टरांना दाखवून आले. थायरॉइडची तपासणी सांगितलीय. तळपायांचं रोज करतेय, त्यानं भीती वाटत नाही.

रात्रपाळी

हिमाली, बरं केलंस. रिपोर्ट आले की इथे कळव.

ओझरचा_नवा

उशिरा आलो, सगळा धागा एका बैठकीत वाचला. मला इगतपुरीचं दहा दिवसांचं शिबिर करायचंय. रजा किती लागेल, खर्च किती, आणि जुलैत गेलं तर चालेल का?

धम्मसेवक

रजा १२ दिवसांची धरा. आदल्या दिवशी दुपारी पोहोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटका. राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत. शिबिर पूर्ण केल्यावर स्वेच्छेनं दान देता येतं, त्याआधी घेतच नाहीत. फोन पहिल्याच दिवशी जमा करावा लागतो, म्हणून घरच्यांना आणि ऑफिसला आधीच सांगून ठेवा. पहाटे चारला घंटा होते आणि दहाव्या दिवसापर्यंत मौन असतं. तेवढा वेळ नसेल तर सातपूरकडे धम्मनासिका केंद्र आहे, तिथे आनापानाबद्दल विचारा.

जुलैत जरूर जा, फक्त कपड्यांचे जोड जास्त न्या. इगतपुरीच्या पावसात धुतलेलं काही वाळत नाही.